जिल्हा परिषदेची शाळा आणि आपलं गाव : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना सरत आला की गावात शाळेवरून चर्चा सुरू होते. यंदा पहिलीला किती मुलं येणार, गुरुजींची बदली झाली का, तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी वस्तीपर्यंत येते का. या चर्चेत अर्धवट माहितीच जास्त असते आणि तिच्या भरवशावर पालक मोठे निर्णय घेऊन मोकळे होतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांत आणि पारावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. गावची शाळा टिकावी आणि चांगली चालावी, हीच त्यामागची तळमळ आहे.

ही शाळा नेमकी कोणाची? सरकारची, जिल्हा परिषदेची की ग्रामपंचायतीची?

जिल्हा परिषदेची. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा १९६१ चा. तो १ मे १९६२ पासून अमलात आला आणि ग्रामीण भागातलं प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदांकडे गेलं. त्याआधी जिल्हा लोकल बोर्ड आणि स्कूल बोर्ड यांच्या शाळा होत्या. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे वगळता बाकी ३४ जिल्ह्यांत जिल्हा परिषदा आहेत आणि त्यांच्या शाळांची संख्या साठ हजारांच्या आसपास आहे. काही जुन्या इमारतींवर अजून ‘जीवन शिक्षण मंदिर’ अशी पाटी दिसते.

शाळेवर मुख्याध्यापक, दहा-पंधरा शाळांच्या केंद्रावर केंद्रप्रमुख, काही केंद्रं मिळून होणाऱ्या बीटला विस्तार अधिकारी, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक) अशी उतरंड आहे. शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं, इमारत जिल्हा परिषदेची असते, पुस्तकं-गणवेश-अनुदान समग्र शिक्षा योजनेतून येतं. जागा बऱ्याचदा गावातल्याच कोणी तरी बक्षीसपत्राने दिलेली असते आणि पहिली खोली गावाने श्रमदानातून उभारलेली असते. इतके हात लागत असल्यामुळे काही बिघडलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कोणतं काम कोणाचं, हे पालकांना ठाऊक असलं तर निम्मी टोलवाटोलवी जागेवरच थांबते.

पहिलीत नाव घालायला वय किती लागतं? कोणते कागद?

त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. जन्माचा दाखला आणि आधार असेल तर उत्तम. नसेल म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ ते स्पष्ट सांगतं. दवाखान्यातली नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा पालकाचं स्वयंघोषणापत्र चालतं. फी नाही, देणगी नाही, मुलाची परीक्षा नाही.

एक काळजी मात्र घ्या. नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जनरल रजिस्टरमध्ये जशी लिहिली जाते, तशीच ती पुढे दहावीच्या सनदेपर्यंत जाते. गडबडीत ‘घरी बाळू म्हणतात’ म्हणून बाळू लिहून येऊ नका. नोंद होताना समोर बसून एकेक अक्षर वाचून घ्या.

मूल दोन वर्षं शाळेतच गेलं नाही. आता नऊ वर्षांचं आहे. पहिलीत बसवायचं का?

नाही. वयाप्रमाणे, म्हणजे चौथीच्या आसपासच्या वर्गात प्रवेश मिळतो आणि मागचं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. प्रवेश वर्षात कधीही मिळतो. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी नवीन शाळेला मुलाला बाहेर ठेवता येत नाही.

आम्ही दिवाळीनंतर उसाच्या तोडीला जातो. पोरांचं काय करायचं?

बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतल्या असंख्य कुटुंबांचा हा प्रश्न आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरला टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलला परततात. नेमका तेवढाच काळ वर्गात सगळ्यात जास्त शिकवून होतं.

दोन वाटा आहेत. पहिली, गावातच हंगामी वसतिगृह. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं आणि दोन वेळचं जेवण शासनाच्या खर्चाने मिळतं. त्यासाठी स्थलांतर करणाऱ्या मुलांची यादी वेळेत पंचायत समितीला जावी लागते आणि ती पाठवण्याचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो. टोळी निघून गेल्यावर यादी केली तर तिचा उपयोग नाही. सप्टेंबरमध्येच मुकादमाकडून कोण कुठे जाणार हे विचारून घ्यावं.

दुसरी वाट, मूल बरोबर न्यायचंच असेल तर शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. मूल कुठल्या वर्गात आहे, त्याला काय येतं, याची नोंद त्यात असते. कारखान्याच्या परिसरातल्या जिल्हा परिषद शाळेत ते दाखवलं की मूल तिथल्या वर्गात बसतं आणि परतल्यावर आपल्या शाळेत पुढे चालू राहतं. हे पत्रक बहुतेक पालकांना माहीतच नसतं, म्हणून शिक्षकांनी ते स्वतःहून हातात द्यायला हवं.

शाळेत दोनच शिक्षक आणि वर्ग पाच. शिकवणं होतं तरी का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे.

कायद्याने पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. पुढे तीस मुलांमागे एक असं प्रमाण जातं. म्हणजे पट कमी असलेल्या शाळेत एक शिक्षक एका वेळी दोन-तीन इयत्ता घेणार, हे ठरलेलंच आहे. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. चांगल्या शिक्षकाचा असा वर्ग जरूर जाऊन बघावा. पहिलीची मुलं जमिनीवर आखलेल्या तक्त्याभोवती चिंचोक्यांनी दशक-एकक मांडत असतात, तिसरीची मुलं जोडीने एकमेकांना वाचून दाखवतात आणि फळ्यापाशी पाचवीचा अपूर्णांक चालू असतो. वीस मिनिटांनी शिक्षक जागा बदलतो. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीने, हे करून दाखवलं आणि राज्यभरातले शिक्षक ते बघायला तिथे गेले. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत मुलंच एकमेकांचे ‘विषयमित्र’ होऊन शिकवतात. त्या शाळेला २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

पण दोनातला एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की उरलेला एकटा काही शिकवू शकत नाही, नुसतं सांभाळू शकतो. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामं सोडली तर शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती भरण्यातच त्याचे तास जातात. गुरुजी सारखे मोबाइलवर असतात ही तक्रार आपण करतो, तेव्हा वरून दुपारपर्यंत माहिती मागणारा आदेश आलेला असतो, हेही बघावं. समितीने अशा कामाच्या दिवसांची नोंद ठेवून गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवलं तर त्याला वजन येतं.

शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे नुसती सह्यांपुरती असते ना?

ती सह्यांपुरती उरली, कारण आपण ती तशी राहू दिली. कायद्याने तिच्या हातात बरंच काही दिलं आहे.

समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतो. महिन्यातून एक बैठक व्हायला हवी. शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं आणि आलेला पैसा कसा खर्च होतो ते पाहणं ही तिची कामं. बँक खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने चालतं.

समिती निवडायला पालकसभा बोलावली जाते, त्या सभेला जा. बहुतेक गावांत तिथे पंधरा-वीस जण असतात आणि नावं आधीच ठरून आलेली असतात. ज्याचं मूल शाळेत नाही, असा माणूस पालक गटातून घेता येत नाही. वस्तीवरच्या आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची असते. महिला सदस्यांच्या घरी रजिस्टर पाठवून सह्या आणण्याची पद्धत बंद करायला लावा. बैठक सकाळी अकराला ठेवली तर मजुरीला जाणारी बाई येणारच नाही. ती संध्याकाळी किंवा बाजाराच्या सुटीच्या दिवशी ठेवा. वेळ बदलली की हजेरी बदलते.

शाळेला वर्षाला पैसे किती येतात?

समग्र शिक्षेतून पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. यातच खडू, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, स्वच्छता सगळं भागवायचं. दहा हजारांत वर्षाचं काय होणार, हे घर चालवणाऱ्या कोणालाही समजेल. म्हणून शिक्षक खिशातून घालतात आणि गावाकडून लोकवर्गणी निघते.

मोठी दुरुस्ती, कुंपण, शौचालय, पिण्याचं पाणी यासाठी ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी असतो आणि जिल्हा नियोजन समितीतूनही वर्गखोल्या मंजूर होतात. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा होताना शाळेचं काम त्यात घालून घ्यावं लागतं. ग्रामसभेत शाळेचा विषय कोणी काढलाच नाही, तर तो आराखड्यात येत नाही.

खिचडी चांगली मिळते की नाही, हे कसं कळणार?

दुपारी शाळेत जाऊन खाऊन बघा. तसा तुम्हाला अधिकार आहे.

देशात ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. सुरुवातीला आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी देत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न सुरू झालं. २०२१ पासून तिचं नाव पीएम पोषण आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, आणि त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक, २० ग्रॅम प्रथिनं.

आता हिशेब करा. पन्नास मुलं हजर असतील तर पाच किलो तांदूळ, एक किलो डाळ आणि अडीच किलो भाजी शिजायला हवी. पातेल्यात पिवळ्या पाण्यात तांदूळ दिसतोय आणि भाजीचा पत्ता नाही, तर काय कमी पडलंय ते डोळ्यांनी कळतं. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घेऊन रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. पालकानेही चव घेऊन त्याच रजिस्टरमध्ये शेरा लिहावा. चांगलं असेल तर चांगलं असंही लिहावं.

स्वयंपाक करणाऱ्या मावशी आपल्याच गावच्या असतात. त्यांचं मानधन महिन्याला २,५०० रुपये. धुरात उभं राहून पन्नास-साठ मुलांचं रांधायचं आणि भांडी घासायची, त्याचे हे पैसे. तक्रार करताना ती त्यांच्यावर ढकलून मोकळं होऊ नये. डाळ-तेल पोचलं नसेल तर तिथे दोष पुरवठ्याचा असतो.

गणवेश आणि पुस्तकं कधी मिळतात?

पाठ्यपुस्तकं शाळेच्या पहिल्या दिवशी हातात पडावीत असा नियम आहे आणि बहुतेक ठिकाणी ती पडतात. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्यानंतर काही दिवसांनी. गणवेशाचं २०२४-२५ मध्ये फार बिनसलं. कापड एका ठिकाणाहून, शिलाई दुसऱ्याकडून अशी राज्यभर एकच पद्धत आणली आणि अर्धं वर्ष उलटलं तरी मुलं जुन्याच कपड्यांत होती. नंतर खरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. गावच्या शिंप्याला मुलाचं माप माहीत असतं, तेव्हा हेच योग्य आहे.

इंग्रजीत मागे पडणार नाही का पोर?

राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालीच आलं. अनेक जिल्हा परिषद शाळांत सेमी इंग्रजीही आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. ते सुरू करायचं असेल तर पालकांची मागणी आणि शिकवू शकेल असा शिक्षक, दोन्ही हवं.

माझं स्पष्ट मत आहे की घरात मराठी, अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला गाडीत बसवून पंधरा किलोमीटरवरच्या शाळेत नुसतं पाठांतर करायला पाठवणं हा तोट्याचा सौदा आहे. महिन्याची फी, गाडीभाडं आणि सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंतचा प्रवास हे सगळं एका कागदावर मांडा. मग आपल्या शाळेतल्या तिसरीच्या मुलाला एक परिच्छेद वाचायला सांगा आणि त्या शाळेतल्या मुलालाही त्याच्या पुस्तकातला एक वाचून त्याचा अर्थ सांगायला सांगा. जे दिसेल त्यावर निर्णय घ्या. आपल्या शाळेतल्या मुलाला वाचता आलं नाही, तर तेही शिक्षकांसमोर ठेवा.

आता नापास करतात म्हणे?

पाचवी आणि आठवीला. २०२३-२४ पासून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा मिळते, तीही जमली नाही तर त्याच वर्गात बसवतात. आठवी होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही.

आमच्या शाळेचा पट नऊ आहे. बंद करतील का?

ही भीती खोटी नाही. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून जवळच्या शाळेत सामावण्याचा निर्णय झाला होता. २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ हा विचार आला. वीसपेक्षा कमी पटाच्या आसपासच्या शाळा एकत्र करून एक मोठी, सोयींनी युक्त शाळा करायची आणि मुलांना गाडीने आणायचं. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं त्यासाठी पुढे केली गेली. मार्च २०२४ मधल्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्याच्या, निर्णयाने शिक्षकांची पदं पटाशी आणखी घट्ट बांधली.

मोठ्या शाळेचे फायदे खरे आहेत : प्रत्येक वर्गाला शिक्षक, खेळायला संघ होईल इतकी मुलं, प्रयोगशाळा. पण हा विचार सपाटीवरच्या नकाशावर केलेला आहे. कोकणातल्या वाडीपासून पुढच्या वाडीपर्यंत पऱ्या म्हणजे ओढा असतो, जुलैत त्यावरून पाणी जातं. सातपुड्यातल्या पाड्यावर गाडी चढतच नाही. शाळा लांब गेली की सगळ्यात आधी मुलीचं नाव कमी होतं, मग धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलाचं. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा, हा राज्याच्या नियमांतला निकष आहे. समायोजनाचं, म्हणजे शाळा दुसऱ्या शाळेत सामावण्याचं, पत्र आलं तर आधी अंतर मोजा, वाटेतला ओढा, महामार्ग, जंगल लिहून काढा, समितीचा आणि ग्रामसभेचा ठराव करा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून पोच घ्या. वाहतुकीचं आश्वासन असेल तर ते कोण, कधीपासून, किती दिवस देणार हे लेखी मागा.

आणि पट का घसरला, हेही प्रामाणिकपणे बघा. गाव ओस पडलं असेल तर कोणाचा इलाज नाही. पण गावात पहिलीच्या वयाची बारा मुलं आहेत आणि त्यातली आठ पिवळ्या गाडीत बसतात, अशी स्थिती असेल तर वस्तीवर घरोघर जाऊन पालकांशी बोलायला अजून वेळ आहे. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत गावाने जमीन आणि पैसा उभा केला, शिक्षकांनी जीव ओतला, आणि जिथे मुलं जायला तयार नव्हती तिथे प्रवेशासाठी रांग लागली.

सातवीनंतर मुलीला पाठवायचं कसं? एसटी वेळेवर नाही.

गावात पुढचे वर्ग नसतील तर बहुधा एखाद्या संस्थेचं अनुदानित हायस्कूल गाठावं लागतं. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी खास बस आहेत आणि आठवीपासून गरजू मुलींना सायकल मिळते. बसची वेळ शाळेशी जुळत नसेल तर हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचं पत्र, मुलींची यादी आणि थांब्यांची नावं घेऊन आगारप्रमुखांना भेटा. यादी सोबत असली की बोलणं पुढे सरकतं.

दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ता मिळतो. १९९२ मध्ये ठरलेला तो रुपया आजही रुपयाच आहे. तो वाढवा, ही मागणी प्रत्येक आमसभेत व्हायला हवी.

तक्रार कुठे करायची?

आधी समितीच्या बैठकीत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. मग केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. मुलाला मारहाण किंवा अपमान झाला असेल तर थांबू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला पूर्ण बंदी आहे. फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली तक्रार कुठेही नोंदली जात नाही.

आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची गरज आहे. मिळेल का?

मिळेल. प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे शाळेत नाव घातल्याच्या आणि शाळा सोडल्याच्या नोंदीची नक्कल, मागा. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुतेकांना शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येच सापडतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावच्या शाळांची कपाटं उघडली गेली. ही रजिस्टरं वाळवीने खाल्ली तर कित्येक घरांचा पुरावाच जाईल. समितीने त्यांची पानं स्कॅन करून घ्यावीत आणि मूळ वह्या लोखंडी कपाटात ठेवाव्यात. पैसे ग्रामपंचायतीकडून मागता येतात.

आम्ही मुंबई-पुण्याला राहतो. आमच्या गावच्या शाळेसाठी काय करता येईल?

आधी मुख्याध्यापकांना फोन करून काय हवंय ते विचारा. न विचारता पाठवलेले संगणक वीजजोडणीअभावी खोक्यातच पडून राहतात आणि रंगाचे डबे पावसाळ्यात येऊन वाळतात. बहुतेक शाळांना पाण्याच्या टाकीचा नळ, वाचनाची पुस्तकं, थकलेलं वीजबिल आणि एखादा स्वयंसेवी शिक्षक यांचीच गरज असते. रोख देणगी असेल तर समितीच्या खात्यावर द्या आणि पावती घ्या. गणपतीला किंवा जत्रेला गावी आलात तर एक दिवस वर्गात बसा, मुलांना तुमच्या कामाबद्दल सांगा. आणि गावी राहणाऱ्या भावाचं मूल यंदा पहिलीला असेल, तर त्याचं नाव कुठे घालायचं हे ठरण्याआधी भावाशी आणि वहिनीशी नक्की बोला.